चिमूटभर खाली

मामांचं बोलणं म्हणजे घरच्यांना रोजचं कोडं होतं. "अगं, ते हे त्या हेच्यात ठेवलंयस का?" असं त्यांनी विचारायचं आणि बायकोनं मान वर न करता "ठेवलंय, खालच्या खणात" असं सांगायचं. नवा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा मामांनी त्याला बराच वेळ आपुलकीनं काहीतरी सांगितलं. त्यानं हसून माना डोलावल्या, आणि मामा पाणी प्यायला उठल्यावर तो बायकोच्या कानाशी लागला, "बाबा मला बस म्हणाले की जा म्हणाले?"

मामींना याचं काही वाटत नसे. "लग्नानंतरची पहिली काही वर्षं ऐकण्यात गेली," त्या शेजारणीला सांगत, "पुढची समजण्यात गेली. आता ते तोंड उघडायच्या आत मी उत्तर देते. तेवढाच वेळ वाचतो."

गंमत अशी की या माणसाचं पोट बोलण्यावर चालत होतं.

मामा उंच इमारतींच्या बांधकामावर सिग्नलवाले होते. उंच क्रेनच्या टोकाशी, आभाळात टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये ऑपरेटर बसतो. त्याला सळयांचा भारा उचलता येतो, पण तो भारा जिथं ठेवायचा ती जागा पुष्कळदा दिसतच नाही. मधे भिंती येतात, अर्धवट मजले येतात. मग खाली त्या जागेपाशी एक माणूस वॉकी-टॉकी घेऊन उभा राहतो आणि बोलतो. खाली घे, वर घे, फिरव, थांब. वरच्याचे डोळे म्हणजे खालच्याचं तोंड. साइटवर सगळे त्यांना मामा म्हणत. का म्हणत ते कुणाला माहीत नव्हतं. बहुधा पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं असेल आणि ते चिकटलं.

तिथवर ते पायरी पायरीनं पोचले होते. तरुणपणी फळ्या वाहिल्या. मग ओझ्याला साखळ्या अडकवायला शिकले. ओझं कुठल्या बाजूला कलणार हे ते हवेत जायच्या आधीच त्यांना कळायचं, म्हणून एका मुकादमानं त्यांच्या हातात वॉकी दिला. "बोलता येतं ना?" एवढंच त्यानं विचारलं. मामा "हो" म्हणाले. तो शब्द मात्र स्पष्ट होता.

त्यानंतर त्यांची जोडी जमली ती दादाशी. दादा ऑपरेटर होता, मामांपेक्षा थोडा थोरला, अंगानं आडवा आणि स्वभावानं गार. एक इमारत संपली की दोघं मिळून दुसरीवर जात. अकरा वर्षं त्यांनी एकमेकांच्या भरवशावर इमारती उभ्या केल्या, आणि तेवढ्या काळात त्यांची एक भाषाच तयार झाली. क्रेनच्या आडव्या हातावरून हुक बुंध्याकडे आणायचा असेल तर मामा म्हणत, "पोटात घे." लांब न्यायचा असेल तर "हात पसर." फिरवायचं असेल तर "मान वळव." आणि ओझं अगदी टेकायला आलं, जरासंच खाली हवं असलं, की म्हणत, "चिमूटभर." दादा चिमूटभर सोडायचा आणि ओझं टेकायचं. नवे मजूर हे ऐकून हसत. वर स्वयंपाक चाललाय की बांधकाम, असं विचारत.

मग दादाचे गुडघे गेले. क्रेनच्या बुंध्यातली शिडी रोज चढायची आणि रोज उतरायची, हे त्या गुडघ्यांना एके दिवशी झेपेनासं झालं. तो घरी बसला आणि त्याच्या जागी एक पोरगी आली.

पोरगी म्हणजे मामांच्या मुलीच्या वयाची. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, शिडी अशी चढायची की जणू सपाट रस्त्यावरून चाललीये. तिच्याकडे परवाना होता, दुसऱ्या साइटचा अनुभव होता, आणि तिचं काम बघून इंजिनिअर साहेबांनीच तिला मागून घेतलं होतं. लोक तिला ताई म्हणू लागले. मामांची मात्र पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. दादाला "अरे" म्हणून हाक मारायची सवय. आता या ऑपरेटर बाईंना अहो-जाहो करायचं की अगं-तुगं? हुक खाली येत होता आणि मामा वॉकीत म्हणत होते, "जरा घे... घ्या... म्हणजे घ्यावं थोडं... पोटात."

"कशात?" वरून आवाज आला.

"पोटात हो. पोटात घ्या."

"मामा, कळलं नाही. परत सांगता?"

मिस्त्री शेजारीच उभा होता. सळया आणि भिंतीचं काम त्याच्याकडे होतं, आणि साइटवरच्या प्रत्येकाची नक्कल करण्याचं कामही त्यानं आपणहून अंगावर घेतलेलं होतं. त्यानं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते.

तरी दिवस ढकलले जात होते. ताई प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची, मामा प्रत्येक गोष्ट चारदा सांगायचे. काम व्हायचं, पण दोघंही संध्याकाळी पिळून काढल्यासारखे खाली बसायचे. मामांना वाटायचं, या पोरीला समजत नाही. ताईला काय वाटायचं ते ती बोलत नव्हती. ती फक्त प्रत्येक वाक्यानंतर वॉकीचं बटण दाबून म्हणायची, "हो मामा."

मग एका दुपारी तुळई उतरवताना ते घडलं.

लोखंडी तुळई भिंतीमागे खाली येत होती. मिस्त्री तिच्याजवळ उभा राहून दिशा देत होता. त्याचा जेवणाचा डबा तिथंच विटांवर ठेवलेला होता, आणि हात डब्याकडे गेलेला होता. "चिमूटभर," मामा म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "थांब." तुळई थांबली नाही. मिस्त्रीनं हात मागे ओढला. पुढच्या क्षणी डब्याची ताटली झाली होती.

"थांब थांब थांब," मामा ओरडत होते, आणि मगच तुळई थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. मिस्त्री सपाट झालेला डबा उचलून बघत राहिला. त्यानं नक्कल केली नाही, विनोदही केला नाही. नुसता म्हणाला, "मामा, माझा हात होता तिथं."

साहेबांनी दोघांना कार्यालयात बोलावलं. कार्यालय म्हणजे पत्र्याची खोली, भिंतीला नकाशे, कोपऱ्यात चिखलाचे बूट. साहेब आवाज चढवणारे नव्हते, त्यामुळे त्यांच्यासमोर उभं राहायला जास्तच अवघड वाटायचं.

"मी थांब म्हणालो होतो," मामा म्हणाले.

"मला ऐकू आलं नाही," ताई म्हणाली.

"दोघंही खरं बोलताय," साहेब म्हणाले. "तीच तर अडचण आहे." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "पुढच्या आठवड्यात जिने येणार. कारखान्यातून तयार ओतून येतात, एकेक तुकडा ट्रकएवढा जड. जिन्याच्या चौकोनातून सरळ खाली सोडायचे. वरून त्यातलं काहीच दिसणार नाही, आणि खाली माणसं असणार. पहिला जिना तुम्ही दोघांनी नीट बसवलात तर ठीक. नाहीतर मामा, मला दुसऱ्या साइटवरून सिग्नलवाला आणावा लागेल. तुम्ही गेट सांभाळा."

गेट म्हणजे ट्रक आला की झेंडी दाखवायची, गेला की झेंडी गुंडाळायची. पगार तोच. पण गेटवर गेलेला माणूस परत आत आल्याचं त्या साइटवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मामा नेहमीपेक्षा कमी बोलले. मामींनी दोनदा आपणहून उत्तरं दिली, पण प्रश्नच नव्हते.

"काय झालं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ती पोरगी," मामा म्हणाले. "तिला हे कळत नाही."

"हे म्हणजे काय?"

"हेच. मी बोलतो ते."

मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी एक देठ मोडून बाजूला टाकला. "अहो, मला कळायला किती वर्षं लागली ते माहितेय ना? ती तर महिन्याभरापूर्वी आलीये. आणि तिला तुमच्याशी लग्नही करायचं नाही."

मामांना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरून मिस्त्रीचा हात हलत नव्हता. गेटची लाज वाटत होती, पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. ते खरंच म्हणाले होते, थांब. आणि त्यांच्या थांब म्हणण्यानं काहीच थांबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ते दादाकडे गेले. दादा खिडकीशी खुर्ची टाकून, दोन्ही गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशव्या लावून बसला होता. मामांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी पोरीच्या वागण्याचा पाढा वाचला, दोनदा विचारते, चारदा विचारते, साधं पोटात घे कळत नाही, चिमूटभर कळत नाही.

दादा ऐकत होता. मग तो म्हणाला, "चिमूटभर म्हणजे किती रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती? बोटभर? वीतभर?"

"ते काय सांगायचं? तुला माहीत आहे की."

"मला कधीच कळलं नाही," दादा म्हणाला.

मामा खुर्चीत पुढे सरकले.

"खरं सांगतो. पहिली दोन वर्षं तर मी घरी जाऊन बायकोला म्हणायचो, खालचा माणूस भला आहे, पण काय बोलतो देव जाणे. अरे, तू चिमूटभर म्हणतोस तेव्हा कधी बोटभर असायचं, कधी हातभर. तू इकडं म्हणतोस, तेव्हा तुझं तुला माहीत की इकडं म्हणजे कुठं."

"मग तू चालवायचास कशावर?"

"तुझ्या श्वासावर."

मामांना वाटलं हा थट्टा करतोय. पण दादा थट्टा करताना डोळे बारीक करायचा आणि आत्ता ते मोठेच होते.

"तुला एक सवय होती. बोलून झालं तरी बटण दाबूनच धरायचास. मला वर तुझा श्वास ऐकू यायचा. ओझं टेकायला आलं की तू श्वास रोखायचास. मग मी थांबायचो. बस. अकरा वर्षं आपण असंच काम केलं."

मामा खुर्चीत मागे टेकले. एवढ्या वर्षांचा आपल्या भाषेचा अभिमान त्या पिशवीतल्या पाण्यासारखा गार होत चाललाय असं त्यांना वाटलं.

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"काम होत होतं. कशाला बोलायचं?" दादानं गुडघ्यावरची पिशवी सारखी केली. "तिला तुझा श्वास ऐकू येत नसणार. बटण सोडून देत असशील हल्ली. का ते मला काय माहीत. जा, वर जाऊन बघ एकदा."

"वर?"

"केबिनमध्ये. कधी गेलायस?"

मामा कधीच गेले नव्हते. खुर्चीवर चढून दिवा बदलायचा असला तरी ते शेजाऱ्याला बोलवत. त्यांचं म्हणणं असं की, आपलं काम जमिनीवरचं आहे.

पण साहेबांनी परवानगी दिली आणि कमरेचा पट्टाही दिला. दुपारी क्रेन रिकामी असताना मामा शिडीला लागले. ताई त्यांच्या मागे, म्हणजे खाली, होती. प्रत्येक टप्प्यावर मामा थांबायचे आणि बुंध्याच्या लोखंडाला मिठी मारायचे.

"मामा, खाली बघू नका."

"अगं, खाली कोण बघतंय? आयुष्यभर वरच बघितलंय मी. आता वर बघूनही हे लोखंड सोडवत नाही, त्याचं काय करू?"

त्या शिडीवर अहो-जाहोचा प्रश्न आपोआप सुटला. माणूस घाबरला की अगं-तुगंवर येतो.

केबिन एवढीशी होती. एक खुर्ची, दोन दांडे, पायाखाली काच, खिळ्याला अडकवलेला स्वेटर, पाण्याची बाटली. मामा खुर्चीच्या मागे कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे राहिले आणि डोळे उघडले. समोर पाण्याची टाकी होती, बाजूला मोठा रस्ता होता, आणि मधोमध त्यांची इमारत. ज्या भिंतीमागे ते रोज उभे राहून ओरडत होते, ती भिंत दिसत होती. तिच्यामागचं काहीच दिसत नव्हतं. जिन्याचा चौकोन म्हणजे छपरावरचं एक काळं भोक. त्यात तार गेली की संपलं.

"मिस्त्री," ताई वॉकीत म्हणाली, "चालू करा. मामा बोलतात तसं बोला."

मिस्त्री भिंतीमागे उभा होता. त्याला यापेक्षा मोठं सुख नव्हतं. "हां," वॉकीतून आवाज आला, मामांचाच, तोच घोगरेपणा, तीच घाई. "जरा ये. ये ये ये. अं, हे, तिकडं नको, इकडं. घे की पोटात. पोटात म्हणतोय ना. हां, आता ते हे कर."

ताईनं रिकामा हुक हळूहळू हलवला आणि थांबवला. तिनं मामांकडे बघितलं.

"काय बडबडतोय गाढव?" मामा म्हणाले. "इकडं म्हणजे कुठं? विचार त्याला."

"इकडं म्हणजे कुठं, मिस्त्री?"

"इकडं म्हणजे माझ्याकडं," वॉकी म्हणाला.

"तू कुठायस ते दिसतंय का इथून?" मामा चिडले. "काही ताळतंत्र आहे का बोलण्याला?"

ताई पुढे बघत होती आणि हसू दाबायला आपला गाल आतून चावत होती. मग मामांच्या लक्षात आलं. आधी कान गरम झाले, मग हसू आलं, आणि हसताना केबिन हलतेय असं वाटून त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी असा बोलतो?"

"मिस्त्री जरा वाढवून करतात," ताई म्हणाली.

"नाही, नाही. तो जसंच्या तसं करतो. म्हणून तर लोक हसतात."

मिस्त्रीनं आणखी दोन वाक्यं टाकली आणि प्रत्येक वाक्यानंतर ताईचा अंगठा बटणावर गेला. "हो मामा." सवयीनं. मिस्त्रीलासुद्धा. मामा त्या अंगठ्याकडे बघत राहिले. पुढच्या खेपेला तो बटणावर गेला तेव्हाच मिस्त्री काहीतरी म्हणत होता, आणि केबिनमध्ये त्यातलं अक्षरही आलं नाही. तिनं बटण सोडलं तेव्हा फक्त शेपूट ऐकू आलं, "...भर."

"तू बटण दाबतेस तेव्हा तुला काहीच ऐकू येत नाही," मामा म्हणाले.

"नाही येत. वॉकी तसाच असतो, एका वेळी एकच."

"मग हो मामा, हो मामा कशाला करतेस?"

ताईनं मागे वळून बघितलं. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "मोठं माणूस बोललं तर उत्तर नको द्यायला? आमच्या घरी आजीनं हाक मारली आणि ओ दिली नाही, तर दिवसभर ऐकावं लागायचं."

"तरीच," मामा म्हणाले. "तुझ्या ओ मुळे मी बटण सोडायला लागलो. तुला बोलायला जागा द्यावी म्हणून. दादाच्या वेळी मी सोडतच नव्हतो." ते थोडे थांबले. "आणि त्या दिवशी मी थांब म्हणालो तेव्हा तू हो मामा म्हणत होतीस."

ताईचा चेहरा उतरला. ते तिला आधीच कळलेलं होतं की आत्ता कळलं, हे मामांना सांगता आलं नसतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तू मला आदर देत होतीस आणि मी तुला कोडी घालत होतो. दोघंही भले. डबा तेवढा मेला. हे बघ, वरून तू गप्प बसायचं. तुझं उत्तर मला हुकच देतो. तो हलला की मला कळलं तुला कळलं. काही अडलं तर भोंगा वाजव."

"आणि तुम्ही?"

"मी बटण सोडणार नाही. बोलत राहीन. माझा आवाज बंद पडला की तू थांबायचं. का बंद पडला ते विचारायचं नाही. शिंक आली, मेलो, काही असो. आवाज नाही म्हणजे थांब."

"आणि इकडं-तिकडं बंद."

"बंद. काय म्हणू मग? डावं म्हटलं तर माझं की तुझं?"

ताईनं काचेतून बोट दाखवलं. "टाकीकडं आणि रस्त्याकडं. दोन्ही तुम्हाला खालून दिसतात, मला वरून दिसतात."

मामांना हे फार आवडलं. ते स्वतःशीच दोनदा म्हणाले, "टाकीकडं. रस्त्याकडं." मग "पोटात घे"च्या जागी "आत" आलं, "हात पसर"च्या जागी "बाहेर". घे की घ्या हा प्रश्नही निकालात निघाला. नुसतं खाली म्हणायचं. "आणि थांबा नाही, थांब म्हणा," ताई म्हणाली. "एवढ्याशा मानासाठी कुणाचं बोट जायला नको."

"चिमूटभर टाकून द्यायचं?" मामांनी विचारलं. आवाज थोडा पडला होता.

ताई विचारात पडली. "नको. शब्द चांगला आहे. पण किती ते ठरवू. एका विटेच्या जाडीएवढं?"

"वीट," मामा म्हणाले. "पक्कं."

पुढचे दिवस दुपारच्या सुट्टीत त्यांनी रिकाम्या हुकाला फळी बांधून सराव केला. मामांना जड गेलं. "हे" तोंडातून बाहेर पडायला टपूनच बसलेलं असायचं. प्रत्येक "हे" ला मिस्त्री लांबून बोट वर करायचा. घरीही परिणाम झाला. एका रात्री जेवताना मामा म्हणाले, "पाण्याचा तांब्या माझ्या उजव्या हाताला ठेव." मामींनी हात थांबवून त्यांच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून ताप बघितला.

जिना आला त्या सकाळी वारा पडलेला होता. चार साखळ्यांना, दोन आखूड दोन लांब, तो तिरका लटकत होता, पायऱ्यांसकट. खाली चौकोनात, ज्या टप्प्यावर तो टेकायचा होता, तिथं मिस्त्री आणि त्याचा जोडीदार भिंतीला चिकटून उभे होते. मामा चौकोनाच्या कडेला, कमरेचा पट्टा अडकवून. साहेब लांब उभे होते, हात मागे बांधून. मामांना वाटलं, आज पहिला शब्दच फुटणार नाही.

त्यांनी बटण दाबलं.

"खाली. खाली. खाली."

वरून काहीच उत्तर आलं नाही. जिना खाली येऊ लागला.

"खाली. खाली. आत. आत. थांब. टाकीकडं. टाकीकडं. थांब. खाली. खाली."

तो काळ्या भोकात शिरला. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा होती. मामा वाकून बोलत होते. कधी नव्हे ते एकेक शब्द सुटा, मोजून हातात दिल्यासारखा. आपला आवाज आपल्याला परका वाटतोय हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्याकडे बघायला वेळ नव्हता. जिना निम्म्याच्या खाली गेला. मिस्त्रीनं त्याच्या कडेला हात लावला.

"खाली. खाली. खा..."

आणि जिना थांबला.

मामा दोन शब्द पुढे बोलून गेले होते. "खाली, खाली." जिना जागच्या जागी होता, हलतही नव्हता. मिस्त्रीनं वर बघितलं. "मामा, का थांबवलं?"

"मी नाही थांबवलं," मामा म्हणाले. मग त्यांनी हातातल्या वॉकीकडे बघितलं. दिवा विझलेला होता. बॅटरी मेली होती. त्यांचा आवाज वर पोचलेलाच नव्हता, आणि म्हणूनच वरचा हात थांबलेला होता.

भर उजेडात, दोन माणसांच्या डोक्यावर ट्रकएवढं ओझं टांगलेलं असताना, मामांच्या अंगातून महिन्याभराची भीती निघून गेली. पाण्याची टाकी रिकामी व्हावी तशी गेली, थोडा थोडा आवाज करत. ते बोलले नव्हते आणि तिला कळलं होतं. तिनं विचारलं नव्हतं, अंदाज केला नव्हता. आवाज नाही म्हणजे थांब, आणि ती थांबली होती.

त्यांनी खिशातली दुसरी बॅटरी काढली. घाई नव्हती.

"काय झालं?" मिस्त्रीनं खालून विचारलं.

"बॅटरी गेली."

"मग आता?"

"मग आता उभा राहा. तुझ्या डोक्यावर आहे ते पडत नाही. मी बोलत नाही तोवर तिथंच राहणार."

वॉकीचा दिवा लागला. "खाली," मामा म्हणाले, आणि जिना पुन्हा खाली येऊ लागला, जणू मधे काही झालंच नव्हतं. टप्प्यापासून थोडा वर असताना त्यांनी थांब म्हटलं. मिस्त्रीनं कडेच्या खुणा बघितल्या, जोडीदारानं पहार लावून जिना केसभर सरकवला, मिस्त्रीनं अंगठा वर केला.

"चिमूटभर," मामा म्हणाले. विटेएवढा खाली आला. "चिमूटभर." परत विटेएवढा. "चिमूटभर. थांब. टेकला. सैल सोड."

साखळ्या सैल पडल्या. मिस्त्रीनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या, आणि त्यावरून चालत मामांपर्यंत वर आला, जसा इथं कायमच जिना होता.

साखळ्या सुटून हुक बाहेर गेल्यावरच वॉकीतून आवाज आला. "मामा, आता बोलू?"

"बोल आता. पोटभर बोल."

वर बटण दाबलेलंच राहिलं. एक लांब श्वास सोडल्याचा आवाज आला, मग थोडं हसू, मग परत श्वास. "काही नाही," ती म्हणाली. "बोलायचं काही नव्हतं."

साहेब चौकोनापाशी आले. त्यांनी वाकून जिना बघितला, कडेच्या खुणा बघितल्या. "छान," ते म्हणाले. "दुसरा तुकडा दुपारी घेऊ." आणि वळून निघाले.

एरवी मामा "हां, बघू हे" असं काहीतरी पुटपुटून गप्प बसले असते आणि घरी जाऊन त्या "छान" चा अर्थ रात्रभर लावत बसले असते. आज ते दोन पावलं पुढे गेले.

"साहेब, एक विचारतो. मी गेटवर की इथं?"

साहेब थांबले. त्यांना वाटलं होतं की ते सांगून झालंय. "इथंच, मामा," ते म्हणाले. "सगळे जिने तुम्ही दोघांनीच लावायचे. गेटवर दुसरा माणूस बघतो."

"ठीक," मामा म्हणाले.

ते नळापाशी गेले. त्यांचा घसा वाळून खडखडीत झाला होता, जबडा दुखत होता. ते ओंजळ भरून पाणी प्यायले, मग थोडं तोंडावर मारलं, मग परत प्यायले. मिस्त्री मागे येऊन उभा राहिला.

"मामा, तुमची नक्कल करायला आता काही उरलं नाही. माझं कसं व्हायचं?"

"ताईची कर," मामा म्हणाले.

"तिची कशी करू? ती बोलतच नाही."

मामांनी ओल्या हातानं मान पुसली आणि वर बघितलं. क्रेनचा हात हळूहळू वळत होता, पुढच्या तुकड्याकडे, रस्त्याच्या बाजूला. नळ बंद करून, वॉकीत नवी बॅटरी नीट बसलीये ना ते अंगठ्यानं दाबून बघत ते कामाच्या जागी निघाले.